पाहिले किती, शिकले किती?

2020च्या जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत, तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावातील दहावीच्या एकतीस मुलांसाठी मी गणिताचे व्हिडिओ करू लागलो. मी शिक्षक नाही. बारावीनंतर पतसंस्थेत नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात शिकवण्याच्या साधनांचा इतिहास मिळेल तिथून वाचत राहिलो. या विषयातली पदवी माझ्याकडे नाही. त्या जूनमध्ये वाटले, इतकी वर्षे वाचले ते आता उपयोगी पडेल.

एका मोफत शिक्षण-मंचावर मी चाळीस चाळीस मिनिटांचे धडे चढवले. त्या मंचावर एक तक्ता दिसे : कोणत्या मुलाने कोणता धडा किती टक्के पाहिला. महिन्याभरात मला त्या तक्त्याचे व्यसन लागले. एक मुलगा प्रत्येक धडा शंभर टक्के पाहत होता. एका मुलीच्या नावापुढे शून्य होते. महिनाअखेरीस ‘न पाहणाऱ्यां’ची यादी मी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली. त्या मुलीचे नाव पहिले होते. दुसऱ्या दिवशी ती गटातून बाहेर पडली.

पुढच्या आठवड्यात तिच्या घरी गेलो. घरातला एकच मोबाइल घेऊन वडील सकाळी सातला कामावर जात. ती शेजारच्या मैत्रिणीकडे बसून, आणखी एकीसोबत, माझे धडे पाहत होती. तक्त्यात तिघींचा मिळून एकच आकडा होता, तोही मैत्रिणीच्या नावावर. तिच्या वहीत मात्र सगळी उदाहरणे सोडवलेली होती. शंभर टक्केवाला मुलगा व्हिडिओ सुरू करून मोबाइल गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्याला टेकवून ठेवी आणि धार काढायला बसे. हे त्याने मला नंतर हसत हसत सांगितले.

मी मुलांना मोजतो आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मोजत होतो मोबाइल. त्यानंतर मी नव्याने वाचायला बसलो. ऑनलाइन साधनांमुळे मूल अभ्यासात गुंतते म्हणतात, ते नेमके कशामुळे?

सहा मिनिटांचा धडा

या प्रश्नावरचा एक मोठा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी 2012मध्ये सुरू केलेल्या एडएक्स या मंचावरील चार अभ्यासक्रमांतली, व्हिडिओ पाहण्याची तब्बल 69 लाख सत्रे संशोधकांनी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी त्याला मिळणारा वेळ साधारण सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. छापील मजकुराच्या स्लाइड दाखवणाऱ्यापेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावणाऱ्या शिक्षकाकडे विद्यार्थी जास्त वेळ थांबत होते. माझे चाळीस मिनिटांचे धडे कुठे कोसळत होते, ते इथे कळले.

पण त्याच अभ्यासात संशोधकांनी एक इशाराही दिलेला आहे. पाहण्याचा वेळ ही शिकण्याची पूर्वअट असेल, पण तेवढ्याने शिकणे झाले असे म्हणता येत नाही. गोठ्यातला मोबाइल याची साक्ष द्यायला पुरेसा आहे.

मध्येच विचारलेला प्रश्न

मग शिकणे घडते कधी? अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006मध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींना तोच उतारा पुन्हा वाचू दिला. बाकीच्यांना तो न पाहता, आठवेल तेवढा लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

आपल्या आजीला हे ठाऊक होते. पाढे ‘वाच’ असे ती कधी म्हणाली नाही. ‘म्हणून दाखव’ म्हणाली.

ऑनलाइन धड्यालाही हेच लागू आहे का, ते 2013मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी पाहिले. संख्याशास्त्रावरचे सुमारे एकवीस मिनिटांचे व्याख्यान त्यांनी चार तुकड्यांत दाखवले. काही विद्यार्थ्यांना प्रत्येक तुकड्यानंतर त्यावरचे छोटे प्रश्न विचारले, इतरांना विचारले नाहीत. ‘आत्ता तुमचे लक्ष भरकटले होते का?’ असेही अधूनमधून विचारले. प्रश्न सोडवणाऱ्यांचे लक्ष इतरांच्या तुलनेत सुमारे निम्म्याच वेळा भरकटले. त्यांनी नोंदी जास्त घेतल्या आणि शेवटच्या परीक्षेतही ते पुढे राहिले. व्याख्यान सर्वांना तेच होते. आता आपल्याला विचारणार आहेत, एवढ्या जाणिवेने फरक पडला.

उलट बोलण्याची वाट

मूल आणि साधन यांच्यातली ही देवघेव इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. ऑस्ट्रेलियाच्या निर्जन भागात मुलांची घरे शाळेपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. 1951मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथून त्यांच्यासाठी आकाशवाणीवरची शाळा सुरू झाली. आपल्याकडचे शैक्षणिक कार्यक्रम फक्त ऐकायचे असत. तिथे मूल आपल्या संचावरून बाईंना उत्तर देऊ शके. 1975-76मध्ये भारताने ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहाद्वारे सुमारे 2400 गावांत दूरदर्शन पोहोचवले. तंत्र म्हणून ते फार पुढचे होते, पण पाहणाऱ्याला उलट विचारण्याची वाट त्यात नव्हती. उलट बोलता येण्याच्या बाबतीत जुना रेडिओच पुढे होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अशाच रेडिओ-शाळेत शिकलेला एक मुलगा, मार्टिन डूगियामस. त्याने 2002मध्ये ‘मूडल’ची पहिली पूर्ण आवृत्ती आणली. आज जगभरची विद्यापीठे हा मोफत शिक्षण-मंच वापरतात. धडे साठवायची सोय त्यात आहेच. पण चर्चा, प्रश्नमंजूषा, एकमेकांचे काम तपासणे यांनाही मोठी जागा आहे. रेडिओवर उत्तर द्यायला शिकलेल्या मुलाने असे साधन बनवावे, याचे मला नवल वाटत नाही.

आपल्याकडचे उदाहरण पवईचे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात संगणक-प्रणाली शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तीच प्रणाली उघडी. थोडे ऐकायचे, धडा थांबवायचा, स्वतः करून पाहायचे, मग पुढे जायचे. धड्याची संहिता आधी त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तो अडखळला, तर संहिता बदलायची. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

मी काय बदलले

पाच मिनिटांचा तुकडा आणि शेवटी एकच प्रश्न, असे धडे मी नव्याने केले. उत्तर वहीत लिहायचे. ज्याच्याकडे मोबाइल असेल त्याने फोटो पाठवावा. नसेल त्याने कागद चौकातल्या किराणा दुकानातल्या डब्यात टाकावा. टक्क्यांचा तक्ता उघडणे मी बंद केले.

जिओजेब्रा हे साल्झबर्ग विद्यापीठातील मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेले मोफत साधन. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय मी आधी त्यावर नुसते फिरवून दाखवत असे. मुले ‘भारी’ म्हणत आणि विसरत. आता मी बिंदू वर्तुळावर सरकवण्याआधी थांबू लागलो : ‘हा बिंदू व्यासाच्या टोकाकडे नेला, तर कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? आधी वहीत लिहा.’ निम्म्याहून अधिक मुलांनी ‘कमी होईल’ असे लिहिले. बिंदू सरकला, कोन नव्वद अंशांवरच राहिला आणि गटावर एकदम प्रश्न येऊ लागले. असे का? आपलेच उत्तर चुकले म्हटल्यावर कारण शोधायची गरज मुलांना वाटली. साधन पूर्वीचेच होते. मुलांनी आधी स्वतःला त्यात गुंतवले होते, इतकाच फरक.

चुकीच्या उत्तरांचे मी गठ्ठे लावू लागलो. सारखी चूक करणाऱ्या मुलांसाठी पुढचा तुकडा त्या चुकीवर. नाव घ्यायचे नाही, यादी टाकायची नाही.

ती मुलगी काही दिवसांनी परत आली. डब्यात तिचे कागद नियमित येत, बहुतेक बरोबर असत. पण गटावर तिने वर्षअखेरपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही. त्याचे कारण मला ठाऊक आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

आता शाळा उघडल्या आहेत, तरी मोबाइलवरचे धडे राहिले आहेत आणि त्यांचे तक्तेही राहिले आहेत. शिक्षकांकडे ते अहवाल म्हणून मागितले जातात, पालकांना प्रगती म्हणून दाखवले जातात. वाचकहो, आपल्या घरातले मूल असा धडा पाहत असेल, तर ‘किती पाहिलास?’ असे विचारू नका. ‘त्यात तुला काय विचारले, आणि तू काय उत्तर दिलेस?’ असे विचारा. काहीच विचारले नाही असे ते म्हणाले, तर धडा थांबवा आणि पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.