आडनावांचा मागोवा – लेखांक ७ : आगाशीचे लोपीस आणि लोपोचा मुलगा

मागच्या लेखांकात गावावरून पडलेली 'कर' जोडलेली आडनावे आपण पाहिली. आज बापाच्या नावावरून पडलेली आडनावे पाहू. त्यासाठी विरारहून अर्नाळ्याकडे जाताना आगाशीला उतरायचे. सुकेळ्यांसाठी नावाजलेल्या या गावाच्या परिसरात वर्तक, राऊत, म्हात्रे यांच्या शेजारी लोपीस, घोन्साल्विस, रॉड्रिग्ज, फर्नांडिस, डायस यांची घरे आहेत.

या आडनावांच्या शेवटी येणारा 'इस' किंवा 'इश' हा पोर्तुगीज प्रत्यय. त्याचा अर्थ 'अमक्याचा मुलगा'. लोपोचा मुलगा लोपीस, गोन्सालोचा घोन्साल्विस, फर्नांदोचा फर्नांडिस, रॉद्रिगोचा रॉड्रिग्ज. लोपो हे नाव लांडग्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दातून आले. रॉद्रिगोची वाट आणखी लांबची आहे. पाचव्या ते आठव्या शतकात स्पेन-पोर्तुगालवर व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीचे राज्य होते. त्यांच्या भाषेत या नावात कीर्ती आणि सत्ता हे दोन शब्द एकत्र आले. उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियात याच नावाचे रूप झाले रुरिक. म्हणजे वसईचे रॉड्रिग्ज आणि नॉर्स दर्यावर्दी नावाच्या मुळाशी एकमेकांना भेटतात.

स्कँडिनेव्हियात 'मुलगा' हा शब्द तर उघडच जोडतात : हान्सेन, आंदरसेन, एरिकसन. पूर्वी हे नाव दर पिढीला बदले. पेडरचा मुलगा हान्स पेडरसेन, हान्सचा मुलगा येन्स हान्सेन. डेन्मार्कमध्ये १८२८ च्या राजाज्ञेने कुटुंबाला कायम आडनाव देण्याचा नियम केला आणि हळूहळू हान्सेनच्या नातवंडा-पतवंडांनाही हान्सेनच म्हणू लागले. आइसलँडमध्ये मात्र जुनी रीत आजही चालू आहे. तिथे योनच्या मुलाला योनसन म्हणतात आणि मुलीला योन्सदोत्तिर, म्हणजे योनची मुलगी.

पोर्तुगालमध्ये ही गोठण्याची क्रिया त्याच्या कितीतरी आधी झाली होती. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हा लोपीस हे तयार आडनाव म्हणूनच इथे आले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव नव्या ख्रिस्ती कुटुंबाला मिळे. म्हणून आगाशीच्या लोपीसांचा कोणी पूर्वज लोपो नावाचा असलाच पाहिजे असे नाही. त्या आडनावात रक्ताच्या नात्यापेक्षा एका बाप्तिस्म्याची आठवण आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, सत्ता गेली, पण घराघरांतली आडनावे राहिली. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांचे पहिले नाव आणि शेजारच्या घोन्साल्विसांचे आडनाव एकाच मुळाचे आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते?

आता आगाशीतले एखादे पूर्ण नाव घ्या. समजा, जोसेफ अंतोन लोपीस. मधले 'अंतोन' हे वडिलांचे नाव. मराठी रिवाजाने ते दर पिढीला बदलते, जसे आइसलँडमध्ये बदलते. शेवटचे 'लोपीस' शतकानुशतके जागचे हललेले नाही. पितृनामाची जिवंत रीत आणि गोठलेली रीत, दोन्ही या एका नावात शेजारी नांदतात. मराठी माणसाने पोर्तुगीज आडनाव घेतले खरे, पण नाव लिहिण्याची आपली पद्धत सोडली नाही. मला हे या किनाऱ्याचे मोठे सांस्कृतिक धन वाटते.

एक उणीव मात्र दोन्ही रीतींत होती : आई कुठेच नव्हती. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला आणि ती जागा भरली.

वाचकांनो, घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर आजोबा-पणजोबांच्या नावांबरोबर आजी-पणजीची नावेही विचारून वहीत उतरवून ठेवा. आडनाव आपोआप पुढे जाते, माणसांची नावे मात्र लिहून ठेवली तरच उरतात.