पुरात भिजलेले घर आणि काळी जमीन

२२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीमुळे यवतमाळ जिल्ह्यात पूर आला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यास पाण्याने वेढा दिला व तेथे अडकलेल्या रहिवाशांची बचाव पथकांना सुटका करावी लागली. पूर ओसरल्यावर माणसे घरी परततात; परंतु खरी दक्षता त्यानंतरच घ्यावी लागते.

पाणी उंबरठ्याबाहेर गेले म्हणजे घर कोरडे झाले, असे समजणे चुकीचे होय. नदीनाल्यांकाठची जमीन बहुधा भारी काळी असते. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि ते अतिशय सावकाश सोडते. दिव्याच्या वातीत तेल चढावे, त्याप्रमाणे जोत्याखालील ओल भिंतीत चढत राहते. मुरमाड माळावरील पाण्याचा निचरा लवकर होतो. म्हणून दोन्हीकडील घरांना वाळण्याची एकच मुदत लावता येत नाही. शिवाय पावसाळ्यातील हवा आधीच दमट असल्याने भिंतीतील ओल ती फारशी ओढून घेत नाही.

प्रथम भिंतींची पाहणी करावी. मातीची भिंत फुगलेली, कललेली वा पायथ्याशी खचलेली असल्यास त्या घरात कोणीही झोपू नये. गाळ ओला असतानाच काढावा. अंगणातील पाणी दूर नेणारा उथळ चर खणावा. मात्र पायालगत खोल खणू नये. उघाड पडताच दारे-खिडक्या उघडाव्यात व पावसात लावून घ्याव्यात. धान्याची पोती व बियाणे भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावे. बंद खोलीत शेगडी पेटवून घर वाळवू नये. तिच्या विषारी वायूने प्राणहानी होते.

ओल्या भिंतीवर घाईने सिमेंटचा गिलावा करणे हा पैशाचा अपव्यय आहे. त्यामुळे ओल आत कोंडते, गिलाव्याचे पोपडे निघतात व आतील माती मऊच राहते. परीक्षा सोपी आहे. वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून एक दिवस भिंतीवर ठेवावा. आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसल्यास भिंत अद्याप ओली आहे, असे समजावे.

ऑक्टोबरच्या उन्हात काळी जमीन आकसते व भिंतींच्या नव्या भेगाही तेव्हाच उघड होतात. यास्तव कायमची दुरुस्ती त्यानंतरच हाती घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघर समजावून दिल्यास पूरग्रस्त कुटुंबांचा दुहेरी खर्च टळेल.