लाकूड, कापड आणि हरिकेन

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या लढाऊ विमानाची, जमिनीवरून बिनतारी संदेशाने चालविता येणारी मोठी प्रतिकृती घरी बनवावयाची, हा छंद आपल्याकडे अद्याप थोड्यांनाच ठाऊक आहे. 'मोठी' म्हणजे किती, असे कोणी विचारील. पंखांचा पसारा आठ फूट, वजन दहा किलो आणि नाकात पन्नास सीसीचे पेट्रोल इंजिन. वर्ष-दीड वर्षाचे काम आणि जवळपास एका नव्या मोटारसायकलीइतका खर्च. हे सर्व हवेत सोडावयाचे म्हटल्यावर घरातील वडीलधारी माणसे एकच प्रश्न विचारतात, "आणि पडले तर?" प्रश्न रास्त आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

या छंदातील बहुतेकांची पहिली निवड स्पिटफायर ही असते. तिचे लंबवर्तुळाकार पंख डोळ्यांना भुरळ घालतात, यात शंका नाही. तथापि पांढुर्णा-सौंसरसारख्या ठिकाणी, जेथे कुशल सुतार आहे पण पत्र्याला दोन्ही दिशांनी बाक देणारा कारागीर सहसा मिळत नाही, तेथे हॉकर कंपनीचे हरिकेनच अधिक योग्य, असे माझे मत आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले आणि पुढे अशी चौदा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात शत्रूची जितकी विमाने हरिकेनांनी पाडली, तितकी स्पिटफायरनी पाडली नाहीत. कीर्ती मात्र स्पिटफायरकडे गेली. आपल्या वायुदलाशी हरिकेनचे नाते जवळचे. १९४४ साली इंफाळला जपानी सैन्याचा वेढा पडला असता अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वाड्रनने हीच विमाने चालविली. पुढे वायुदलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांना काश्मीरच्या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळाले. त्या युद्धात वायुदलाकडे असलेले टेम्पेस्ट हे कॅम यांचेच विमान, म्हणजे हरिकेनच्याच घराण्यातले.

पण माझ्या पसंतीचे खरे कारण निराळे आहे. हरिकेनच्या शरीराचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. त्याच्या मागच्या भागात लाकडी चौकटी, चौकटींवर लांबट लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर ताणून बसविलेले, लुकण पाजलेले तागाचे कापड. शेपटीकडच्या बाजूला उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या उभार रेषा त्या पट्ट्यांच्याच. म्हणजे या विमानाची प्रतिकृती करणारा मनुष्य मूळच्या कारागिरांनी केले तेच काम, त्याच पद्धतीने, लहान मापात करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीत गोटमार चालते त्याच दिवशी, आपल्या भागातील मुले तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मिरवतात. त्या बैलांचे वशिंड आणि शिंगे प्रमाणात उतरविणाऱ्या सुताराला या चौकटी कापणे अवघड जाऊ नये.

अवघड आहे ते वजन. येथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो आणि नवख्याचा घात बहुधा येथेच होतो. हरिकेनच्या पंखांचा पसारा चाळीस फुटांचा. एक-पंचमांश प्रतिकृती आठ फुटांची होते, हे सरळ आहे. पण लांबी पाचपट घटली की पंखांचे क्षेत्रफळ पंचवीस पटींनी घटते आणि वजन सव्वाशे पटींनी. मूळ विमान सर्व भार घेऊन साडेतीन हजार किलोंच्या आसपास भरे. त्या हिशेबाने प्रतिकृती अठ्ठावीस किलोंची व्हावयास हवी. ती उडेल का? उडेल. पण मूळ विमान ताशी सुमारे शंभर किलोमीटरवर जमिनीला टेकत असेल, तर ही पंचेचाळीसवर टेकेल आणि पाहणाऱ्याला ते विमान न वाटता चवताळलेला भुंगा वाटेल. डोळ्याला खरे वाटण्यासाठी वेगही पाचपट कमी, म्हणजे ताशी वीस किलोमीटर हवा. तितका कमी करणे शक्य होत नाही. मात्र वजन दहा किलोंवर आणले तर तो सत्तावीसपर्यंत उतरतो. अशा रीतीने हुबेहूब प्रतिकृती करावयाची असेल तर ती वजनात हुबेहूब असून चालत नाही! आकार खरा ठेवावयाचा आणि वजन चोरावयाचे, हीच या कलेतील खरी कसोटी.

म्हणून लाकडाची पारख प्रथम. सागाचा एक घनफूट तुकडा अठरा किलोंच्या घरात जातो, तर दक्षिण अमेरिकेतून येणारे बाल्सा नावाचे लाकूड चार-साडेचार किलो भरते. पंखांच्या फासळ्या आणि शेपूट याच लाकडाची. जेथे जोर पडतो तेथे, म्हणजे पंखाच्या कण्यात आणि इंजिनाच्या बैठकीत, चांगले प्लायवुड वापरावे. लांबट पट्ट्यांसाठी आपल्याकडच्या पतंगवाल्यांचा बांबू काही वाईट नाही. पण त्यालाही तराजू दाखवावा. शेपटीकडे चुकून गेलेला प्रत्येक ग्रॅम नाकाशी तिप्पट होऊन परत येतो, कारण तोल साधण्यासाठी नाकात शिसे भरावे लागते. मूळ विमानाच्या नाकात मर्लिनसारखे अवजड इंजिन होते, प्रतिकृतीच्या नाकात तसे ओझे नसते. शेपटीवर रंगाचा एक हात जास्त देण्यापूर्वी हे ध्यानात असावे. तोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण पाव भागावर यावा. तो मागे सरकला तर विमान उडविणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. तसेच पंखांच्या टोकांना दोन अंशांचा पीळ द्यावा. वेग कमी होताच टोके आधी लटकी पडून विमान कुशीवर कोसळते, तो धोका यामुळे टळतो.

बिनतारी यंत्रणेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आता ती विकत मिळते आणि चांगली मिळते. पूर्वी मैदानात दोघांची कंपनसंख्या एकच निघाली तर एकाचे विमान हमखास जमिनीवर येई. हल्लीच्या यंत्रणेत ती भीती उरलेली नाही. हातातील कांडी हलविली की विमानातील सर्व्हो नावाची लहान मोटर तेवढ्याच प्रमाणात फिरते आणि शेपटीचा किंवा पंखाचा पडदा हलविते. संदेश तुटल्यास इंजिन आपोआप बंद पडेल, अशी व्यवस्था मात्र अवश्य करून घ्यावी.

याचे कारण असे की दहा किलोंची वस्तू ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने जात असेल तर तिला खेळणे म्हणता येत नाही. २०२१ सालच्या ड्रोन नियमांनी शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या पंचवीस किलोंपर्यंतच्या प्रतिकृतींचा वेगळा वर्ग मानला आहे. त्यांत कोणत्या आकाशात परवानगीविना उडावे याची हिरवी, पिवळी व लाल क्षेत्रे नकाशावर ठरविली असून हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांची मर्यादा आहे. तो नकाशा आधी पाहावा. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला; गावे वाढत आहेत, विजेच्या ताराही. संत्र्यांच्या बागांपासून दूर, कापूस निघून गेलेले सपाट रान, हिवाळ्याची सकाळ आणि पडलेला वारा, एवढे जुळून यावे. मागे पाहणाऱ्यांची गर्दी असली तर ती एकाच बाजूला, विमान उडविणाऱ्याच्या पाठीशी.

आणि ज्याने विमान बांधले त्याने पहिले उड्डाण स्वतः करू नये, असा माझा आग्रह आहे. वर्षभर ज्यावर हात फिरवला त्याच्याकडे पाहताना हात कापतो. नागपूरला राष्ट्रीय छात्रसेनेचा वायुविभाग आहे, आणि प्रतिकृती-विमाने हा छात्रसेनेच्या शिक्षणाचाच भाग आहे. तेथे तयार झालेला एखादा सरावाचा हात शोधावा. आपण स्वतः शिकाऊ विमानावर, त्याही आधी संगणकावर, शिकत राहावे. हरिकेनची चाके आतल्या बाजूला मिटत, त्यामुळे उतरताना ती एकमेकांपासून लांब राहत आणि खडबडीत मैदानावरही विमान सहसा कलंडत नसे. प्रतिकृतीलाही हा गुण उपजतच मिळतो.

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न. विमान पडते, कधी ना कधी पडतेच. स्पिटफायरच्या पत्र्याला भोक पडले की विशेष कारागीर आणि साधने लागत. हरिकेनच्या कापडातून गोळी आरपार गेली, तर धावपट्टीशेजारीच ठिगळ लावून, वरून लुकण पाजून ते पुन्हा आकाशात जाई. प्रतिकृतीचीही तीच रीत. मोडलेल्या पट्टीला जोडपट्टी चिकटवावी, गोंद रात्रभर वाळू द्यावा, कापडाचे ठिगळ कडेने दोन बोटे जास्त ठेवून ताणून बसवावे आणि पुढच्या रविवारपूर्वी तोल पुन्हा तपासावा.