कॉक्लिअर इम्प्लांटनंतर कानात उरलेलं ऐकू जातं का? सही करण्याआधी एवढं समजून घ्या

कॉक्लिअर इम्प्लांटच्या ऑपरेशनआधी रुग्णालय संमतीपत्राचा जो कागद पुढे करतं, त्यात मध्येच कुठेतरी एक ओळ असते. ज्या कानाचं ऑपरेशन होणार, त्या कानात शिल्लक असलेली नैसर्गिक श्रवणशक्ती कमी होऊ शकते किंवा पूर्ण जाऊ शकते, असा तिचा अर्थ. बेळगाव-निपाणीकडे हा कागद इंग्रजीत नाहीतर कन्नडात, बडोद्याला गुजरातीत, इंदूरला हिंदीत. घरचे लोक "कुठं सही करायची?" एवढंच विचारतात आणि सही करून मोकळे होतात. पुढे कधीतरी रात्री मशीन काढून ठेवल्यावर, आधी यायचा तो दार आपटल्याचा आवाजही येत नाही, तेव्हा धस्स होतं. ऑपरेशन बिघडलं की काय?

बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. पण हे आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं, हेही खरं.

"बहिरा" म्हटलं की काहीच ऐकू येत नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इम्प्लांटपर्यंत पोचलेल्या अनेकांच्या कानात थोडं ऐकू उरलेलं असतं, आणि ते बहुधा जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजांचं असतं. ढोल, ट्रकचं इंजिन, ढगांचा गडगडाट कळतो. माणसाने हाक मारली हे कळतं, काय म्हणाला ते कळत नाही. कारण स्वर खालच्या पट्टीत असतात, आणि स, श, त, ठ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत. पाट, ताट, काठ, साठ हे चारही शब्द अशा माणसाला जवळपास सारखेच ऐकू येतात.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक भाग असतो, त्याला कॉक्लिआ म्हणतात. त्यात द्रव असतो आणि बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाने द्रव हलतो, या पेशी हलतात आणि नसेला संदेश देतात. शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच आवाज ओळखले जातात, पार आत टोकाशी जाड आवाज. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

इम्प्लांट या पेशींना बाजूला ठेवून थेट नसेला विजेचे संदेश देतं. त्यासाठी कानामागच्या हाडातून वाट करून, इलेक्ट्रोड बसवलेली एक लवचीक तार त्या शंखात सरकवावी लागते. जागा किती? काही मिलिमीटर. आतला पडदा इतका नाजूक की तारेचं टोक जरा घासलं, वर सरकलं की इजा होते. ड्रिलचा आवाज, आत गेलेलं रक्त किंवा हाडाची भुकटी, द्रवाच्या दाबात झालेला बदल, यांचाही मार बसतो. उरल्यासुरल्या पेशी मग तग धरत नाहीत.

दुसरा प्रकार जास्त चकवणारा आहे. ऑपरेशननंतर पहिल्या तपासणीत उरलेलं ऐकू शाबूत दिसतं, सगळे खूश होतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते हळूहळू उतरू लागतं. शरीराला ती तार परकी वस्तू वाटते. तिच्याभोवती सूज येते, जखम भरताना धरतो तसा तंतूंचा थर धरतो, कधी हाडही वाढतं. द्रवाची हालचाल अडते. म्हणून "पहिल्या दिवशी सगळं ठीक होतं" यावर विसंबून चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. पेशी गेल्या तरी इम्प्लांट चालतं, कारण त्याचं काम नसेशी आहे. त्यामुळे "उरलेलं ऐकू गेलं" आणि "ऑपरेशन फसलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण गेलेलं ऐकू किती मोलाचं होतं, याचं उत्तर माणसागणिक बदलतं, आणि इथंच घरोघरी गोंधळ होतो.

जन्मतः पूर्ण बहिऱ्या बाळाचं उदाहरण घ्या. टाळी वाजवली की कधीतरी वळून बघतं म्हणून आजी म्हणते, "त्याला ऐकू येतंय की, कशाला चिरफाड?" शक्तिशाली श्रवणयंत्र काही महिने लावूनही बोलणं पोचत नसेल, तर त्या ढोलाएवढ्या ऐकण्यावर भाषा उभी राहत नाही. आणि मेंदू भाषा शिकतो ती वर्षं थांबत नाहीत. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतही जन्मजात बहिऱ्या मुलांच्या इम्प्लांटसाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. योजना केंद्राची असल्याने त्यासाठी महाराष्ट्रातच राहत असायला हवं असं नाही. मुंबईची अली यावर जंग संस्था तिचं काम पाहते. अशा बाळाच्या बाबतीत उरलेलं ऐकू वाचवायला म्हणून वर्ष-दोन वर्षं थांबणं हा माझ्या मते महागात पडणारा सौदा आहे. मात्र मुलांच्या कानातही जे आहे ते जपण्याचा प्रयत्न व्हायलाच हवा. पुढे साठ-सत्तर वर्षं त्याला तोच कान वापरायचा आहे.

मोठ्या माणसाचं वेगळं. समजा साठीतले एक निवृत्त मास्तर आहेत. वरच्या पट्टीतलं ऐकू पार गेलंय, खालचं बरंच शाबूत. फोनवर शब्द कळत नाहीत, पण नातवाचा आवाज ओळखतात, भजनाची चाल धरता येते. इम्प्लांटने शब्द चांगले कळू शकतात, पण सुरांचा चढउतार त्यातून नीट पोचत नाही. त्यांच्यासाठी ते खालचं ऐकू म्हणजे संगीत, माणसाची ओळख, आंघोळीच्या वेळी मशीन नसताना ऐकू येणारी हाक. ते गेलं तर खरंच काहीतरी जातं.

हे वाचवण्याचे प्रयत्न जुने आहेत. जर्मनीत हॅनोव्हरचे एर्न्स्ट लेनहार्ट यांनी १९९३ मध्ये हळुवार हाताने करायच्या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. १९९९ मध्ये फ्रँकफर्टच्या फॉन इल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी एकाच कानात खालच्या आवाजांना श्रवणयंत्र आणि वरच्यांना इम्प्लांट, अशी जोडी लावण्याची कल्पना पुढे आणली. आज बारीक, मऊ तारा, त्या अगदी सावकाश सरकवणं, कानाच्या नैसर्गिक खिडकीतून आत जाणं, स्टेरॉइड देणं, असे उपाय वापरतात. तार सरकवतानाच पेशींचा प्रतिसाद मोजण्याचं तंत्रही आलंय.

तरी हमी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१४ मध्ये अशा जोडीच्या पहिल्या इम्प्लांटला मंजुरी दिली. त्याच्या अभ्यासात ५० जण होते. बहुतेकांचं शब्द ओळखणं सुधारलं. पण २२ जणांचं त्या कानातलं खालच्या पट्टीचं ऐकू जवळजवळ किंवा पूर्ण गेलं, आणि त्यातल्या ६ जणांनी पुन्हा ऑपरेशन करून नेहमीचं इम्प्लांट बसवून घेतलं. मुळात तार आखूड होती, म्हणजे शंखाच्या आतल्या टोकाला धक्का लागू नये. पण ते टोकाचं ऐकूच गेलं की आखूड तार अपुरी पडते. लांब तार घ्यावी की आखूड, हा प्रश्न म्हणूनच डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा.

सीमाभागातल्या वाचकांसाठी आणखी एक. इम्प्लांट हवं की श्रवणयंत्रावर भागेल, हे ठरवताना शब्द ओळखण्याची चाचणी घेतात. घरात मराठी बोलणाऱ्या आजोबांची चाचणी कन्नड किंवा इंग्रजी शब्दांवर झाली तर गुण कमी पडणारच, आणि कान आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. मराठी शब्दांची यादी आहे का, हे ऑडिओलॉजिस्टला आधीच विचारा. नसेल तर तसं रिपोर्टवर लिहून घ्या.

कोणत्या कानाचं ऑपरेशन आणि का, हेही विचारायचं. दुसऱ्या कानात श्रवणयंत्र चालत असेल तर ते कपाटात टाकू नका. इम्प्लांटला खालच्या सुरांची जोड तिथूनच मिळते. ऑपरेशननंतर मशीन न लावता त्या कानाची तपासणी करून घ्या, महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने. मध्येच ऐकू एकदम उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच फोन करा. आणि ऑपरेशनआधीच्या ऑडिओग्रामची झेरॉक्स घरच्या फाइलला लावून ठेवा. तो कागद नसेल तर किती गेलं नि किती राहिलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.