भोकांतलं गाणं कोणाचं?

कागदाला भोकं पाडायची आणि त्या भोकांकडून गाणं वाजवून घ्यायचं, या कल्पनेनं मला तरुणपणी पछाडलं ते आजतागायत. कागदी गुंडाळीवरून पियानो वाजवणारी वोटीची पियानोला, ती विकणाऱ्या एओलियन कंपनीची भरभराट, मग रेडिओनं केलेला घात, ही कथा वाचकांना ठाऊक असेलच. माझा जीव जडला तो या घराण्याच्या शेंडेफळावर: जे. चेन कंपनीच्या ‘पियानोलोडिअन’ या खेळण्यावर.

चेन मंडळी मूळची पत्र्याच्या रंगीत खेळण्यांची. संस्थापक ज्युलियस चेन १९२६ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात घोडेस्वारी करताना अपघातात गेला आणि कारभार मेहुण्याच्या हाती आला. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यानं बॉम्बचे भाग घडवले. पुढे १९५०च्या सुमाराला त्यानं विजेवर आपोआप वाजणारा प्लॅस्टिकचा पियानो पोरांपुढे ठेवला.

आपल्या पेटीचा भाता हवा ढकलतो. इथे सगळा कारभार ओढण्यावर. मोटर हवा खेचते, कागदाची गुंडाळी सरकते, भोक समोर आलं की तिथून हवा आत शिरते आणि तेवढाच सूर वाजतो. म्हणून दुरुस्तीत खरी झटापट गळतीशी. रबर कडक होतं, सांधे सैल पडतात, आणि कागदाची बारीक धूळ ओढली जाऊन भोकं बुजतात. एखादा सूर मुका झाला की लोक लगेच स्क्रू काढत सुटतात; आधी धूळ काढावी. मोटर अमेरिकी विजेची, आपल्या २३० व्होल्टांवर थेट लावली तर संपलीच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तडे गेलेली जुनी वायर बदलल्याशिवाय प्लग लावूच नये.

मोठ्या पियानोलाचे जाणते कारागीर लाकडी भागांना अजून सरसच लावतात. तो उष्णतेनं आणि पाण्यानं सुटतो, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराची सोय होते. खेळण्याच्या प्लॅस्टिकला सरसाचा उपयोग नाही. पण फाटलेल्या गुंडाळीला सेलोटेप लावणाऱ्याला मात्र माझ्याकडे माफी नाही. टेप पिवळी पडते, तिचा चिकटा पसरतो आणि कागद कायमचा जातो. यंत्र पुन्हा उभं करता येतं, गाणं असतं ते कागदात.

ते गाणं कोणाचं, यावरून अमेरिकेत मोठं भांडण झालं. व्हाइट-स्मिथ या प्रकाशकानं अपोलो कंपनीवर दावा लावला: आमच्या ‘लिटल कॉटन डॉली’ आणि ‘केंटकी बेब’ या गाण्यांच्या गुंडाळ्या तुम्ही परवानगीवाचून विकता. सर्वोच्च न्यायालयानं १९०८ साली निकाल दिला तो अपोलोच्या बाजूनं. माणसाला वाचता येईल अशा लिपीत उतरलेली तीच नक्कल; भोकं पाहून कुणी गात नाही, सबब गुंडाळी म्हणजे यंत्राचा एक भाग. सरावानं गुंडाळी वाचता येते, असं सांगणारे साक्षीदारही होते. त्यांचं चाललं नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालाला संमती दिली खरी, पण ती पूर्वीच्या निकालांचा मान राखून, कुरकुरत.

दोन्ही गाण्यांचा संगीतकार ॲडम गाइबेल. फिलाडेल्फियाचा हा माणूस लहानपणापासून अंध होता. ज्याला छापील स्वरलिपी डोळ्यांनी वाचता येत नव्हती, त्याच्या गाण्याचा फैसला डोळ्यांना काय वाचता येतं यावर झाला! मला हा निकाल तर्काला धरून वाटतो, न्यायाला धरून मुळीच वाटत नाही.

पडद्यामागे एओलियन होती. तिनं प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. निकाल उलटा लागता तर गुंडाळ्यांचा धंदा तिच्या मुठीत जाता. तिकडे बँडवाला सूझा यांत्रिक संगीताविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये आवाज उठवतच होता. अखेर १९०९च्या कायद्यानं मधला मार्ग काढला: हक्क संगीतकाराचाच, पण एकदा कुणाला परवानगी दिली की इतरांनाही ते गाणं घेता येईल, प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट भरून. चेनच्या खेळण्याचा काळही याच कायद्यातला. अमेरिकेत घरं, भाकरी, मोटारी सगळं महागलं. संगीतकाराचे दोन सेंट मात्र १९७७ अखेरपर्यंत दोनच राहिले.