आयकराची नोटीस आली. सीएला गाठायचं, वकिलाला की कुणालाच नाही?

मागच्या वर्षी रात्री अकरा वाजता मोबाइलवर आयकर विभागाचा मेल आला. 'कलम 143(1)' एवढंच वाचलं आणि झोप उडाली. सकाळी ऑफिसातल्या सहकाऱ्याने पीडीएफ उघडायला लावली (पासवर्ड म्हणजे छोट्या अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख). माझे आकडे, विभागाचे आकडे शेजारीशेजारी आणि खाली देय रक्कम शून्य. रिटर्न तपासून झालं, एवढंच कळवणारी ती सूचना होती. इंजिनीअरिंगची चार वर्षं इथे काही कामाला आली नाहीत.

म्हणून कुणाला फोन लावण्याआधी कागद कोणता आहे ते बघा. तो खरा आहे का, हेही बघा. ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या पत्रांवर 'डिन' हा ओळख क्रमांक असतो. तो ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही पडताळता येतो.

कोणतं काम कोणाचं?

143(1) मध्ये टीडीएसचा आकडा जुळत नसेल, तर फॉर्म 26एएस समोर ठेवून दुरुस्तीचा अर्ज आपला आपण करता येतो. 139(9) म्हणजे रिटर्नमध्ये त्रुटी. मुदत साधारण 15 दिवस. पगारदार माणसाला हे जमतं, नाही जमलं तर रिटर्न भरून देणारा सल्लागार पुरतो.

143(2) ची छाननी किंवा 148 खाली जुनं वर्ष पुन्हा उघडलं, तर मात्र सीए हवा, आणि तोही अशी प्रकरणं हाताळलेला. दरवर्षी शेकडो रिटर्न भरणाऱ्याने छाननीचं उत्तर कधी लिहिलेलंच नसेल, असं होऊ शकतं. 'याआधी अशी किती उत्तरं दिलीत?' हे विचारायला लाजू नका.

निकाल विरोधात गेला, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत आयुक्तांकडे अपील करावं लागतं. त्यापुढे आयकर अपील न्यायाधिकरण. त्याची खंडपीठं मुंबई, पुणे, नागपूरलाही आहेत. इथपर्यंत सीए किंवा वकील, दोघेही बाजू मांडू शकतात. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो.

छापा पडला असेल किंवा फौजदारी खटल्याची चिन्हं असतील, तर पहिला फोन वकिलाला करा. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्याने गोपनीय असते. सीएला सांगितलेल्या गोष्टीला तसं संरक्षण नाही.

'रिफंड काढून देतो' म्हणणारे

'करसल्लागार' ही पाटी कुणीही लावू शकतो. सीए म्हणवत असेल तर सदस्यत्व क्रमांक मागा. त्याने दिलेल्या प्रमाणपत्रावरचा 18 अंकी यूडीआयएन सीए संस्थेच्या पोर्टलवर तपासता येतो. रिफंडच्या टक्केवारीवर फी मागितली तर तिथूनच उठा. असं मानधन सीएंच्या आचारसंहितेत सहसा बसत नाही, आणि वकिलांनाही निकालावर फी ठरवता येत नाही.

जुलै 2025 मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्यांवर देशभर कारवाई केली. महाराष्ट्रही त्यात होता. विभागाच्या म्हणण्यानुसार, त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी रिटर्न सुधारून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. पकडल्यावर जबाबदारी येते पॅन ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर. चुकीची माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या 200 टक्के असतो. भरून देणारा तोवर फोन उचलत नाही.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट पुढे आली. काही दलाल ढिगाने रिटर्न भरण्यापुरते ई-मेल आयडी तयार करत आणि नंतर सोडून देत. विभागाच्या नोटिसा तिकडेच न वाचता पडून राहत. प्रामाणिक सल्लागारही सोयीसाठी स्वतःचा मेल आणि मोबाइल नंबर टाकून ठेवतात, आणि मग त्यांच्या इनबॉक्सच्या गर्दीत तुमची 30 दिवसांची मुदत निघून जाते.

तेव्हा आजच पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइल उघडा. मुख्य मोबाइल आणि ई-मेल स्वतःचा टाका. सीएला काम द्यायचं असेल तर पासवर्ड देऊ नका; पोर्टलवर 'माय सीए' हा पर्याय आहे, तिथून त्याला जोडता येतं आणि काम संपलं की काढूनही टाकता येतं.