ॲल्युमिनियमचा जोड: बसवण्यापूर्वी तपासा

विळा चुलीत पडला तर त्याचे पाणी उतरते, हे काही लोहाराने सांगायला नको. ॲल्युमिनियमच्या ओतीव भागाचेही तसेच. फरक इतकाच, की तो तापून लाल होत नाही, म्हणून कळत नाही.

असे पुष्कळसे भाग कारखान्यात सुमारे ५४० अंश सेल्सिअसला काही तास तापवून पाण्यात बुडवतात व मग सुमारे १५५ अंशांवर पुन्हा शेकतात. खरी ताकद या शेकण्याने येते. वेल्डिंगच्या आचेने टाक्याशेजारची पट्टी मऊ पडते. टाका शाबूत राहतो आणि भाग कडेला तुटतो.

पॉवर टिलरच्या गिअरपेटीचे कवच जोडून आणले, की तेलकटपणा पुसा. बाहेरून खडूच्या पुडीचा पातळ लेप देऊन वाळवा आणि आतून रॉकेल लावा. (विडी लांबच ठेवा!) काही वेळाने लेपावर ओला डाग उमटला, तर चीर आरपार आहे. वरवरची चीर यात सापडत नाही. तिच्यासाठी वर्कशॉपात लाल रंग मुरवून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारतात.

मऊपणा मात्र यातून कळत नाही. त्यासाठी कठीण गोळी ठराविक भाराने दाबून खळगी मोजतात. टाक्याशेजारची खळगी मूळ धातूतल्यापेक्षा रुंद भरली, तर पाणी उतरले समजा. सगळा भाग पुन्हा तसाच तापवणे हा उपाय. पण त्यात तो वाकण्याची भीती.

झाकण, तेलपेटी खुशाल जोडा. मोटारसायकलचे ओतीव चाक मात्र नवेच घ्या. दुधाचे कॅन लादून पहाटे त्यावरून घरचाच पोरगा जाणार असतो.